ग्राहकाने पाण्यात पाडले

शिक्केवाल्यांच्या आईचा म्हातारबा एका मंगळवारी सकाळी कोणाला न विचारता डावीकडे चालू लागला आणि सरळ पाण्यात जाऊन पडला.

घाबरायचं कारण नाही. म्हातारबा म्हणजे कोणी नातेवाईक नव्हे. आईच्या हातातल्या गेमच्या मशीनवर एक तळं आहे, तळ्यावर लाकडी फळी आहे, आणि फळीवर एक दाढीवाला गळ घेऊन उभा असतो. त्याला नेमक्या जागी न्यायचं आणि मासे धरायचे, एवढाच व्यवहार. आईने त्याचं नाव म्हातारबा ठेवलं होतं. स्वतः ती बहात्तर वर्षांची, पण त्याच्याशी मोठ्या बहिणीच्या अधिकाराने बोलायची. "सरक ना मेल्या, मासा काय तुला घरी आणून देणारेत?" वगैरे.

"अरे, इकडे ये आधी," तिने मुलाला हाक मारली. "हा बघ कसा निघालाय. मी बोटसुद्धा लावलेलं नाही."

शिक्केवाल्यांनी येऊन पाहिलं. मशीन टेबलावर, आईचे दोन्ही हात मांडीवर, आणि म्हातारबा ऑफिसला उशीर झाल्यासारखा डावीकडे चाललेला. फळी संपली. म्हातारबा थांबला नाही. डुबुक.

"सकाळपासून अकरा वेळा बुडाला," आई म्हणाली. "आणि सव्वीस दिवसांनी वन्सं येतायत."

हे वन्सं येणं साधं नव्हतं. वन्सं म्हणजे आईची नणंद, शिक्केवाल्यांची आत्या. या दोघींची गेली सेहेचाळीस वर्षं अतिशय प्रेमळ अशी लढाई चालू होती. आधी विणकामावरून, मग मुलांच्या मार्कांवरून, मग कोणाचे गुडघे जास्त दुखतात यावरून. गेल्या वर्षी आत्याच्या जावयाने दोघींना एकसारखी मशीनं आणून दिली आणि लढाईला शेवटी मोजता येण्यासारखं स्वरूप आलं. दर तीन महिन्यांनी आत्या यायची. दहा मिनिटं, जास्त मासे धरेल ती जिंकली. हरणारीने धाकट्या जावेला स्वतः फोन लावून, स्वतःच्या तोंडाने "मी हरले" असं सांगायचं. धाकटी जाऊ त्यावर फक्त "अगंबाई!" एवढंच म्हणायची, पण ते अशा सुरात म्हणायची की आईला दोन दिवस जेवण जात नसे. लागोपाठ दोन फोन आईने केले होते. तिसरा करायची तिची तयारी नव्हती.

"काळजी करू नकोस," शिक्केवाले म्हणाले. "दोन वर्षांची वॉरंटी आहे. चौदाच महिने झालेत. आपला हक्क आहे."

शिक्केवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. ते पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या टेबलावर होते. पाइप गळतो असा कोणाचा अर्ज आला की त्यावर "गळती ग्राहकाच्या हद्दीतील. खात्याचा संबंध नाही" असा जांभळा शिक्का मारून खाली सही करायची, हे काम ते एकोणीस वर्षं अत्यंत निष्ठेने करत होते. शिक्का त्यांनी बनवलेला नव्हता, तो टेबलाबरोबरच आला होता. आत्तापर्यंत एकही गळती खात्याच्या हद्दीत निघाली नव्हती, याचा त्यांना मनापासून अभिमान होता.

पण हक्काकडे जाण्यापूर्वी वाटेत शेजारी होते.

त्या गावाची हवा म्हणजे हवा कमी आणि पाणी जास्त. मिठाची बाटली उलटी धरून बडवली तरी मीठ पडायचं नाही. बिस्किटं पुडा फोडायच्या आत मऊ व्हायची. पाकिटं आपोआप चिकटायची, दारं फुगायची, आणि चार दिवस न घातलेल्या बुटांवर हिरवी लव यायची. त्यामुळे ओल या विषयात प्रत्येक जण तज्ज्ञ होता.

"तांदळात पुरा," समोरच्या वहिनी दारातूनच म्हणाल्या. "आमच्या ह्यांचा फोन तीन दिवस पुरला होता. खणखणीत झाला."

शिक्केवाल्यांनी मशीन तीन दिवस तांदळाच्या डब्यात पुरलं. चौथ्या दिवशी बाहेर काढलं तेव्हा म्हातारबा पूर्वीसारखाच डावीकडे जात होता. फक्त आता काचेखालून तांदळातला एक सोंडकिडाही त्याच्या सोबतीला त्याच दिशेने चालला होता. आईने सवयीने त्याच्यावर गळ टाकून पाहिला.

"तांदळाने काय होणार?" तळमजल्यावरचे निवृत्त रसायनशास्त्राचे सर म्हणाले. त्यांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण समोर एक माणूस उभा राहिला तरी ते वर्ग समजत. "बंद कपाट. आत साठ वॉटचा पिवळा दिवा. ओल पळते. का पळते? सांगा पाहू."

शिक्केवाल्यांना सांगता आलं नाही म्हणून सरांनी ते दोनदा समजावलं. मग मशीन कपाटात, दिवा कपाटात. दुसऱ्या दिवशी सोंडकिडा दिसेनासा झाला, एवढं यश पदरात पडलं. पण त्याच कपाटात, दिव्याच्या अगदी खाली, शिक्केवाल्यांचे ऑफिसचे बूट होते. त्यांचा डिंक विरघळला आणि जिन्यात तिसऱ्या पायरीवर दोन्ही तळवे मागे राहून शिक्केवाले एकटेच पुढे गेले.

"हेच," तळवे हातात घेऊन ते बायकोला म्हणाले, "हेच होतं, माणूस हक्क सोडून उपाय करत बसला की."

"अहो, मग जा ना हक्काकडे," बायको म्हणाली. "कपाट तरी मोकळं होईल."

कंपनीचं सर्व्हिस सेंटर एका दुमजली इमारतीत खाली होतं. टोकन घ्यायचं, निळ्या खुर्चीवर बसायचं, भिंतीवरच्या चित्रातल्या हसऱ्या कुटुंबाकडे बघत राहायचं. चाळिसाव्या मिनिटाला त्यांचा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीने मशीनचं मागचं झाकण काढलं, आत बॅटरी मारली आणि डॉक्टर लोक करतात तसा आवाज केला.

"लाल आहे, सर."

"काय लाल आहे?"

"स्टिकर. आत बटणाएवढा पांढरा स्टिकर असतो. पाणी लागलं की लाल होतो." तिने टकटक करून एक कागद छापला आणि पुढे सरकवला. "वॉरंटीत बसत नाही. पैसे भरून होईल, फार नाहीत. अंगठ्याने फिरवायची स्टिक बदलली की चार दिवसांत मिळेल. इथे सही करा."

पैसे खरोखरच फार नव्हते. शिक्केवाल्यांनी पेन उघडलं आणि सवय नसताना कागद वाचला. दोषाचे कारण या रकान्यात लिहिलं होतं: ग्राहकाने पाण्यात पाडले.

"हे कोणी पाडलं म्हणताय?"

"ग्राहकाने."

"ग्राहक म्हणजे मी."

"हो, सर."

"मी पाडलेलं नाही."

"मग कोणी पाडलं?"

"कोणीच पाडलेलं नाही! हवेने झालंय ते. बाहेर बघा, हवा बघा जरा."

मुलीने शांतपणे संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "सिस्टीममध्ये तीनच कारणं आहेत, सर. पाण्यात पाडले, उंचावरून पाडले, प्राण्याने चावले. प्राण्याने चावले घालू का? पण त्याला प्राण्याचा फोटो जोडावा लागतो."

"तुम्ही न बघता, न चौकशी करता, सरळ ग्राहकावर ढकलून मोकळ्या होता?" शिक्केवाल्यांचा आवाज चढला. निळ्या खुर्च्यांवरची माणसं वळून बघू लागली. "याला काय पद्धत म्हणतात? समोरचा माणूस काही सांगतोय, त्याची काही किंमत?"

हे बोलताना आपण नेमके कोणाबद्दल बोलतोय अशी एक अस्पष्ट शंका त्यांना चाटून गेली, पण ती थांबली नाही.

"पैसे घ्या," ते म्हणाले. "दुप्पट घ्या. पण या वाक्याखाली माझी सही होणार नाही." आणि मशीन काखेत मारून ते ताठ मानेने बाहेर पडले. दार ओढायचं होतं, त्यांनी ढकललं. तेवढा एक क्षण ताठपणा कमी पडला.

"झालं?" आईने विचारलं.

"नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"बरं. मग तत्त्वाने मासे धरू का?"

"आई, ते म्हणतात मी पाण्यात पाडलं! उद्या म्हणतील ग्राहकाने गिळलं!"

"अहो, करून टाका ना सही," बायको म्हणाली. "कोण वाचायला बसलंय?"

"मी वाचलं," शिक्केवाले म्हणाले, आणि त्या दिवसापासून घरात बिघडलेलं मशीन आणि न बिघडलेलं तत्त्व एकत्र राहू लागलं.

आई तक्रार करत बसणाऱ्यातली नव्हती. मुलाची सही होईपर्यंत सराव थांबवणं तिला परवडणारं नव्हतं. तिने एक युक्ती काढली. म्हातारबा डावीकडे जातो ना, मग स्टिक कायम अंगठ्याने उजवीकडे दाबून धरायची. दोन्ही ओढी एकमेकींना कापतात आणि म्हातारबा फळीवर जागच्या जागी उभा राहतो. रोज तासभर ती असं दाबून बसायची. आठवड्याभरात तिचा अंगठा इतका तयार झाला की वर्तमानपत्र धरलं तरी तो उजवीकडेच रेटायचा आणि बातम्या मधोमध फाटायच्या.

शिक्केवाल्यांनी तिकडे आघाडी उघडली होती. आधी ते कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेले. तो भिंग डोळ्यावर चढवूनच बोलायचा.

"या हवेत सगळ्यांचंच होतं, काका. स्टिकच्या आत कार्बनची पट्टी असते. ओल आणि धूळ बसली की तिला वाटतं कोणीतरी ढकलतंय. मग चार्जिंगच्या भोकात हिरवं चढतं, बटणं चिकटतात. द्या इकडे, दहा मिनिटांत बदलून देतो."

"हात लावू नका. स्क्रू उघडला की माझा हक्क जाईल. तुम्ही फक्त लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"दोषाचं कारण, हवा."

दुरुस्तीवाल्याने भिंग वर केलं. "मी काय हवामान खातं आहे का?"

मग त्यांनी हवेतली ओल मोजायचं यंत्र विकत आणलं. ते भिंतीवर लावताच त्र्याण्णव टक्के दाखवू लागलं. शिक्केवाल्यांनी आठ दिवसांचे सकाळ-दुपार-संध्याकाळचे आकडे वहीत उतरवले आणि वही घेऊन सेंटर गाठलं. मुलीने वही आदराने चाळली.

"सगळीकडे त्र्याण्णवच आहे, सर."

"मग! केवढी ओल ते बघा!"

"दुपारी कडक ऊन होतं त्या दिवशीपण त्र्याण्णव?"

शिक्केवाले घरी आले आणि त्यांनी यंत्र ओव्हनमध्ये ठेवून पाहिलं. त्र्याण्णव. फ्रीजमध्ये ठेवलं. त्र्याण्णव. मग उलटं करून झाकण काढलं. आत बटणाएवढा एक स्टिकर होता. लाल. सोबतच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ओल लागल्यास कंपनी जबाबदार नाही. ओल मोजायच्या यंत्राला ओल लागू न देता ती कशी मोजायची, याचा विचार करत शिक्केवाले बराच वेळ स्वयंपाकघरात स्टुलावर बसून होते. बायकोने त्यांच्या हातातून ते यंत्र हळूच काढून घेतलं.

सामन्याला सहा दिवस उरले.

"हे बघ," आई म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "तुझं खरं आहे. तू पाडलं नाहीस. मी साक्षीदार आहे. पण मला तो फोन नाही रे करायचा. ती 'अगंबाई' म्हणते ना..."

"नाही करावा लागणार," शिक्केवाले म्हणाले. "उद्या निकाल लावतो."

दुसऱ्या दिवशी ते टोकन न घेताच काउंटरवर गेले. काउंटरवर गिऱ्हाइकांना हाताळून बघण्यासाठी एक नवंकोरं मशीन साखळीने बांधून ठेवलं होतं. शिक्केवाल्यांनी ते उलटं केलं आणि कोणी अडवायच्या आत मागचं झाकण सरकवलं.

लाल.

"हे," शिक्केवाले सगळ्या खुर्च्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कोणी पाण्यात पाडलं?"



"साखळीने बांधलेलं मशीन पोहायला कसं गेलं? की प्राण्याने चावलं? फोटो आहे प्राण्याचा?"

खुर्च्यांवरून "बरोबर आहे", "माझंपण असंच केलं" असे आवाज येऊ लागले. एका बाईंनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. शिक्केवाल्यांच्या आयुष्यात त्यांच्यासाठी वाजलेली ती पहिलीच टाळी. मुलगी आत पळाली आणि मॅनेजरला घेऊन आली. मॅनेजर थकलेल्या चेहऱ्याचा, बाह्या दुमडलेला माणूस होता. त्याने भांडण केलं नाही. त्याने शिक्केवाल्यांना हाताला धरून मागच्या भिंतीपाशी नेलं. हसऱ्या कुटुंबाचं चित्र बाजूला केलं. मागे भिंत छतापासून जमिनीपर्यंत काळी-हिरवी, ओलीचिंब.

"आठ महिने झाले," मॅनेजर म्हणाला. "आत कुठेतरी पाण्याचा पाइप गळतोय. इथे आणलेलं कुठलंही मशीन अर्ध्या तासात लाल होतं. मी काय करू? पाणीखात्याला तीन अर्ज केले. हे बघा काय उत्तर आलं."

त्याने फाइल उघडली. तीन अर्ज, तिन्हींवर जांभळा शिक्का. गळती ग्राहकाच्या हद्दीतील. खात्याचा संबंध नाही. शिक्क्यातला "ह" अर्धा झिजलेला होता. खाली मांजराच्या शेपटीसारखी वर वळलेली सही.

शिक्केवाल्यांनी छताकडे पाहिलं.

"एक माणूस बघायला आला नाही हो," मॅनेजर म्हणाला. "न बघता, न चौकशी करता, सरळ आमच्यावर ढकलून मोकळे. कोण असेल हा इसम?"

"कामाचा ताण असतो त्या टेबलावर," शिक्केवाले म्हणाले. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून, "सही मात्र चांगली आहे."

त्या दिवशी ते ऑफिसात जेवले नाहीत. शिक्का उचलून त्याच्याकडे बघत बसले. मग कपाटाच्या तळातून फेरपाहणीचा फॉर्म काढला. तो कोणी कधी वापरलाच नसल्यामुळे त्याची सगळी पानं हवेने एकमेकांना चिकटून एकच जाड पान झालं होतं. ते वाफेवर सोडवून, भरून, खात्याच्या फिटरला घेऊन ते स्वतः पाहणीला निघाले, तेव्हा ऑफिसातले लोक दारापर्यंत बघायला आले.

फिटरने भिंतीबाहेर दोन तास खणलं. मग खड्ड्यातून डोकं वर काढलं.

"साहेब, मीटरच्या अलीकडे आहे. हातभर."

"म्हणजे?"

"म्हणजे आपलीच."

शिक्केवाल्यांनी पेन उघडलं. असल्या निकालाचा शिक्काच खात्यात नव्हता, म्हणून त्यांना हाताने लिहावं लागलं: गळती खात्याच्या हद्दीतील. खाली सही केली आणि फिटरला तिथल्या तिथे पाइप जोडायला लावला. काउंटरवरच्या मुलीने तो कागद घेतला, फाइलमधल्या जुन्या कागदांशेजारी ठेवला, आणि एक शेपटी दुसऱ्या शेपटीशी जुळवून पाहिली.

"सर, ही सही..."

"खात्यात सगळ्यांना अशीच शिकवतात," शिक्केवाले म्हणाले.

मुलगी फक्त हसली, आणि ते हसू शिक्केवाल्यांना साठ वॉटच्या दिव्यासारखं लागलं.

मॅनेजर मात्र इतका खूश झाला की त्याने मुख्य कार्यालयाला फोन लावून सिस्टीममध्ये चौथा रकाना उघडून घेतला, बाकीची कामं मागे सारली, आणि स्वतः टाइप केलं: ग्राहकाने यंत्र पाण्याजवळ नेले नाही. पाणी यंत्राजवळ आले. दुरुस्ती मोफत. शिक्केवाल्यांनी ते चार वेळा वाचलं. डोळे पुसावेसे वाटले, पण हवेतली ओल म्हणून खपवलं. सही केली, प्रत मागितली, आणखी एक प्रत मागितली.

मशीन शनिवारी संध्याकाळी मिळालं. नवी स्टिक, स्वच्छ बटणं, पांढराशुभ्र स्टिकर. म्हातारबा फळीवर असा स्तब्ध उभा की जणू त्यालाही निकालाची प्रत मिळाली होती.

"आण इकडे," आई म्हणाली. "हात बसवून घेते."

"थांब, आधी सरांना दाखवून येतो." शिक्केवाले एका हातात मशीन आणि एका हातात कागद घेऊन निघाले. सरांना दाखवलं. सरांनी वाक्य शास्त्रीयदृष्ट्या बरोबर असल्याचं सांगितलं. समोरच्या वहिनींना दाखवलं, त्यांच्या ह्यांना दाखवलं, गच्चीवर पाण्याची टाकी बघायला आलेल्या माणसाला दाखवलं. मशीन हा पुरावा असल्यामुळे तो हातातून सोडता येत नव्हता. ते परत आले तेव्हा आई झोपली होती.

रविवारी आत्या आली. सोबत मशीन, दोन पिशव्यांत गुंडाळलेलं, बुटांच्या खोक्यांत मिळतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्यांसकट.

"काय वहिनी, सुरू करायचं?"

"करू या की, वन्सं."

बायकोने दहा मिनिटांचा गजर लावला. आईने मशीन हातात घेतलं, मान ताठ केली, आणि तिच्या अंगठ्याने दोन आठवडे जे गिरवलं होतं ते मनापासून केलं. त्याने स्टिक उजवीकडे दाबली.

म्हातारबा उजवीकडे धावत सुटला. फळी संपली. डुबुक.

"अगं, हा!" आई ओरडली. म्हातारबा वर आला, ठिबकत उभा राहिला. आईने अंगठा उचलला, पुन्हा ठेवला, आणि अंगठा पुन्हा उजवीकडेच गेला. डुबुक. "अरे थांब!" डुबुक. तिने अंगठ्याला दुसऱ्या हाताने धरून पाहिलं. त्यामुळे गळ धरायला हात उरला नाही. शेजारी आत्या मासे काढत होती. फक्त प्रत्येक माशाला हलकेच "हं" म्हणायची.

गजर वाजला. आत्याचे चौदा मासे. आईचे तीन, त्यातला एक जुना बूट निघाला.

"होतं असं, वहिनी," आत्या म्हणाली आणि टेबलावरचा फोन तिच्यापुढे सरकवला. तो तिने उजवीकडूनच सरकवला, आणि ते मुद्दाम होतं असं आईचं मत आजही आहे.

आईने फोन लावला.

"हॅलो, मी बोलतेय. मी हरले." पलीकडून अगंबाई आलं. ते खोलीत सगळ्यांना ऐकू आलं. आईने डोळे मिटून घेतले आणि उघडले. "का म्हणजे? माझ्या मुलाला सही करता येत नाही म्हणून."

तिने फोन ठेवला. मग मशीन उचललं आणि मुलाच्या हातात दिलं. पडद्यावर म्हातारबा दाढी पिळत होता.

"उद्या जा आणि त्यांना सांग," ती म्हणाली, "आता पडलाय पाण्यात. सतरा वेळा. मी स्वतः पाडलाय. कुठे सही करायची ते विचारून ये."